ह्यात लोखंड न्हाई

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये मिस्त्रीमामांनी माझ्या मोटरसायकलचा सिलिंडर ब्लॉक हातात घेतला. चिंधीने आतून स्वच्छ पुसला, मग तर्जनी बोअरमध्ये घालून वरून खाली सावकाश फिरवली. एका जागी बोट थांबलं. तिथे उभे ओरखडे होते, नख अडेल इतके खोल. मागे लेथ चालू होतं, कटिंग ऑईलचा वास सुटला होता. मला वाटलं, मामा आता म्हणणार, दोन दिवसांनी ये, बोअर करून ठेवतो.

"हे बोअर करायचं न्हाई," मामा म्हणाले.

"का हो मामा?"

"ह्यात लोखंड न्हाई. लावून बघ." त्यांनी बाकावरचं चुंबक माझ्या हातात दिलं. मी ते बोअरच्या आतल्या भिंतीला लावलं. चिकटलं नाही. तळहातावर पडलं.

त्या दिवसापासून मी या गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतोय.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट किती नवलाची वाटते, हे आधी सांगायला हवं. हे गाव लोखंड ओतणाऱ्यांचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जाल तिकडे फौंड्री. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, पंपांचे भाग इथे ओतले जातात. आणि इंजिन झिजलं तर काय करायचं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. बहुतेक मोटरसायकलींचा ब्लॉक बाहेरून ॲल्युमिनियमचा असला तरी पिस्टन जिथे घासतो तिथे बिडाचा लायनर बसवलेला असतो. तो झिजला की पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठं बोअर मारायचं, तेवढा मोठा पिस्टन बसवायचा, होनिंगच्या दगडाने आत तिरप्या रेघा ओढायच्या म्हणजे त्यात तेल धरून राहतं. इंजिन पुन्हा तरुण. असा पुनर्जन्म उद्यमनगरात रोज होतो.

माझ्या गाडीत मात्र लायनरच नव्हता. पिस्टन थेट ॲल्युमिनियमच्या भिंतीवर धावत होता.

गाडी म्हणजे २०१२ची यामाहा आर-फिफ्टीन, व्हर्जन टू, निळी. नोकरीसाठी गाव सोडून निघालेल्या एका मुलाकडून घेतली. एमएच-०९ पासिंग, काट्यावर ३८ हजार किलोमीटर. चासी नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला, बँकेचा बोजा उतरलेला आहे ना ते बघितलं, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म दोघांनी सही करून दिले. मग घरी येऊन एक हिशेब मांडला. मागच्या टायरचा घेर सुमारे १.९३ मीटर. म्हणजे ३८ हजार किलोमीटरमध्ये ते चाक जवळजवळ दोन कोटी वेळा फिरलं. माझ्या हातात येण्याआधी! जुनी गाडी घेणं म्हणजे हे दोन कोटी फेरे घेणं, आणि ते कुणी कसे मारले याचा माग धातूवर वाचणं.

आर-फिफ्टीन २००८ साली भारतात आली. त्याआधी आपल्या रस्त्यावरच्या दीडशे सीसीच्या गाड्या हवेवर थंड होणाऱ्या, दोन व्हॉल्व्हच्या. हिला १४९ सीसीत पाण्याचं कूलिंग, चार व्हॉल्व्ह, सहा गिअर, फ्युएल इंजेक्शन. मोठ्या रेसिंग गाडीतलं सगळं एवढ्याशा पिंडात. साडेआठ हजार फेऱ्यांना सतरा हॉर्सपॉवर. आकडा छोटा वाटतो, पण त्या क्षणी आत काय चाललंय ते बघा. पिस्टनचा स्ट्रोक ५८.७ मिलिमीटर, म्हणजे तीन बोटं. मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला १४१. प्रत्येक फेरीत पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो, एकदा वर, एकदा खाली. म्हणजे एका सेकंदात तो २८३ वेळा थांबतो आणि पुन्हा सुटतो. त्याचा सरासरी वेग निघतो ताशी ६० किलोमीटर. आपण सायलेन्सरचा आवाज ऐकत घाट चढत असतो, आणि गुडघ्यांच्या मध्ये हे चाललेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम इतक्या वेगाने घासलं तर क्षणात एकमेकांना धरून बसेल. मऊ धातू तो. मग ही भिंत टिकते कशी?

उत्तर आहे वाळूत.

या सिलिंडरच्या मिश्रधातूत सुमारे वीस टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉन म्हणजे वाळूतलं मूलद्रव्य; गारगोटीची वाळू विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवली की तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि करडं, चमकदार, काचेसारखं ठिसूळ सिलिकॉन उरतं. वितळलेलं ॲल्युमिनियम साधारण बारा टक्क्यांपर्यंत सिलिकॉन निमूटपणे पोटात घेतं. त्याहून जास्त घातलं की गोठताना वरचं सिलिकॉन आधी बाहेर पडतं, कणाकणाने. गुऱ्हाळावर ज्याने थोडा वेळ घालवलाय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. काकवी बरणीत भरून ठेवली की काही दिवसांनी तळाशी साखरेचे कण धरतात, आणि आजूबाजूला पातळ रस तसाच राहतो. तेच इथे. फरक एवढाच की इथले कण दगडासारखे कठीण.

मग भिंत अशी घोटतात की मऊ ॲल्युमिनियम केसाच्या अंशाएवढं खाली बसावं आणि सिलिकॉनचे कण उघडे पडावेत. पिस्टन आणि रिंगा या कणांच्या माथ्यांवरून धावतात. मधल्या खळग्यांत तेल साचून राहतं. आणि बिडाची भिंत मध्ये नसल्यामुळे उष्णता जास्त सहज बाहेरच्या पाण्यापर्यंत पोहोचते. साधं बोअरिंग केलं तर हत्यार मऊ धातू त्या कणांवर लिंपून टाकतं, कण फोडतं, आणि सगळी किमया संपते. म्हणून मामांनी हात लावला नाही. लोखंडाचा लायनर ठोकून देणारे लोक आहेत, गाडी चालतेही. पण मामांच्या बोटाने जे ओळखलं त्याचा मान राखावा असं मला वाटलं. मी नवा ब्लॉक आणि पिस्टन मागवला आणि जुना घरी आणला.

गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, एका ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग दिलं. दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून मी त्या जुन्या बोअरकडे बघितलं. जिथे ओरखडे नव्हते तिथे भिंत गुळगुळीत नव्हतीच! राखाडी रंगाची बारीक नक्षी, पावसाच्या पहिल्या सरीनंतर धुळीवर उमटते तशी. आणि मध्येच ते उभे ओरखडे, त्या नक्षीला चिरत गेलेले. काका म्हणाले, "हे कशानं झालं?"

धुळीनं झालं. आधीच्या मालकाने एअर बॉक्स काढून तिथे उघडा शंकूसारखा फिल्टर बसवला होता. आवाज घुमतो, जोर वाढल्यासारखा वाटतो, दिसायलाही झोकदार. जुन्या स्पोर्ट्स गाडीत हा बदल हमखास सापडतो. पण दीडशे सीसीचं हे इंजिन पूर्ण फेऱ्यांवर असताना मिनिटाला सहाशे लिटरच्या घरात हवा ओढू शकतं. शांत बसलेला माणूस सात-आठ लिटर ओढतो. म्हणजे टाकीखालच्या एवढ्याशा तोंडातून ऐंशीएक माणसं एका वेळी श्वास घेत असतात, आणि तेही ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागून, मुरमाच्या रस्त्यावरून. त्या हवेतला वाळूचा एक कण फिल्टरमधून निसटला की तेलात मिसळतो, रिंगेत अडकतो, आणि सेकंदाला २८३ वेळा थांबणाऱ्या त्या पिस्टनसोबत वर-खाली होत राहतो. कंपनीने दिलेला घड्या-घड्यांचा फिल्टर आणि त्याची बंद पेटी ही माझ्या मते त्या गाडीतली सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू आहे. मी शोधून ती पुन्हा बसवली. गाडीतला माझा सर्वांत मोठा बदल हाच.

म्हणजे ज्या सिलिकॉनने भिंत उभी केली, त्याच सिलिकॉनच्या कणाने ती चिरली. एकाच द्रव्याची दोन रूपं, एक भिंतीत रुतलेलं, एक मोकळं सुटलेलं. हे लक्षात आलं आणि मग मला ही गाडी जिथे-तिथे मातीचीच बनलेली दिसू लागली.

फौंड्रीचंच बघा. बिडाचं ओतकाम होतं वाळूच्या साच्यात. वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि बेताचं पाणी. मुठीत दाबली की बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, सोडली की मोडता कामा नये. जुने मोल्डर मुठीवरूनच ओल ओळखतात. तिथे वाळू बाहेर आणि धातू आत. माझ्या गाडीचा सिलिंडर मात्र पोलादी साच्यात दाबाने ओतलेला, बाहेर वाळूचा स्पर्श नाही, वाळूतलं सत्त्व धातूच्याच पोटात.

ही साच्याची वाळू येते कुठून? सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यात कासार्डे आणि फोंडा परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. पांढरी, दाणेदार, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी वाळू. ती ट्रकांत भरून घाट चढून वर येते. आणि घाटाच्या वर काय आहे? दाजीपूर, राधानगरीच्या अंगाला जांभ्याचे सडे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडच्या सड्यावरून बॉक्साइट निघालं आणि बेळगावच्या ॲल्युमिनाच्या कारखान्याकडे गेलं. बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमची माती.

आता हा जांभा तयार कसा झाला ते बघा, कारण यासारखी सुंदर गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बसाल्ट हा सह्याद्रीचा दगड. त्या दगडात वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिलिका. त्यावर लाखो वर्षं आपला पाऊस पडत राहिला. उबदार पावसाचं पाणी दगडात मुरलं आणि त्यातली सिलिका हळूहळू विरघळवून वाहून घेऊन गेलं. जे विरघळलं नाही ते मागे राहिलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाने सडा तांबडा झाला, ॲल्युमिनियमने बॉक्साइट झालं. म्हणजे पावसाने लाखो वर्षं खपून ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची फारकत केली. आणि माणसाने वीज ओतून त्या दोघांना एका सिलिंडरच्या भिंतीत पुन्हा एकत्र आणलं. फोंडा घाटाच्या माथ्याकडे एक, पायथ्याकडे दुसरं, आणि मधल्या वळणांवरून मी त्यांच्या मिश्रणावर बसून जातो. माझ्या गाडीतलं ॲल्युमिनियम राधानगरीचं आहे असा दावा नाही. पण त्याची जातकुळी हीच.

गाडी धुताना आणि चमकवतानाही हेच दोघं भेटतात. गाडी आणली त्या पहिल्या रविवारी मी प्रेमाने कोरडं फडकं घेऊन टाकी पुसली. संध्याकाळी रंकाळा तलावावर दिव्याखाली उभी केली तर टाकीवर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं. मी गोल पुसलं म्हणून गोल ओरखडे, असंच मला वाटलं. पण तसं नसतं. मोबाईलचा टॉर्च सरकवून बघा, वर्तुळ टॉर्चबरोबर सरकतं! ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या दिशेला आडवे असतात तेवढेच उजेड परत आपल्या डोळ्यांकडे फेकतात, बाकीचे दिसतच नाहीत. आडव्या रेघांचे ते तुकडे दिव्याभोवती जुळून आपल्याला वर्तुळ दिसतं. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट उन्हात धरलं तरी हेच दिसेल.

रंगाच्या वरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण चाळीस मायक्रॉनचा असतो. आपला केस सत्तरच्या आसपास. म्हणजे गाडीची सगळी झळाळी अर्ध्या केसाएवढ्या जाडीत. जांभ्याची तांबडी धूळ तशी मऊ, पण रस्त्यावर तिच्यात बांधकामाची वाळू मिसळलेली असते, आणि कोरड्या फडक्याखाली तो एक कण नांगराच्या फाळासारखा चालतो. म्हणून आता आधी पाण्याने धूळ भिजवून वाहू देतो, मग फेस, मग वरून खाली, आणि खालच्या कडांचा मळलेला कपडा वर फिरकू देत नाही. एका बादलीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी कपडा खळबळून घ्यायला. बसायला स्टूल घ्यायचं, घाई करायची नाही.

आणि पडलेले ओरखडे काढायचे कसे? तर आणखी बारीक ओरखडे पाडून! आपल्याकडे ज्याला रबिंग-पॉलिश म्हणतात, त्या पेस्टमधला झिजवणारा कण बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो. बॉक्साइट मूळचं तसं मऊ, पण शुद्ध करून कडक भाजलं की त्याचा दगड होतो, अतिशय कठीण. त्याच्या पिठासारख्या भुकटीने क्लिअर कोटचे दोन-तीन मायक्रॉन झिजवले की ओरखड्यांच्या कडा उजेड फेकण्याइतक्या उरत नाहीत आणि दिव्याभोवतीचं जाळं नाहीसं होतं. सोनारकाका सोनं चमकवायला जी तांबडी वडी वापरतात ती लोह ऑक्साइडची, म्हणजे सड्याला तांबडं करणाऱ्या द्रव्याचीच. पण चाळीसातले तीन गेले की गेले, ते परत येत नाहीत. म्हणून दर दिवाळीला रबिंग करणाऱ्या मित्रांना मी हात जोडून थांबवतो. वरून मारतात ते सिरॅमिक कोटिंगही सिलिकॉन आणि ऑक्सिजनचंच, एखाद्या मायक्रॉनची काच म्हणा. पाणी त्यावर मोत्यासारखं घरंगळतं, धुणं सोपं होतं. दगड लागला तर ते काही अडवणार नाही, तशी आशाही धरू नये.

चेनचं थोडक्यात सांगतो. तिच्या सांध्यांत रबरी रिंगा असतात, आतलं ग्रीस त्या राखतात, म्हणून पेट्रोलने धुऊ नये. रॉकेलचा हात, कोरडं फडकं, मग नव्वद नंबरचं ऑईल आतल्या बाजूने, आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. चेन ओथंबलेली ठेवली की तेल आणि वाळू मिळून स्प्रॉकेट खाणारी पेस्ट होते.

सायलेन्सर मी मूळचाच ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. पण कायदा नसता तरी मी बदलला नसता. पहाटे गल्लीत कुणाचं तान्हं झोपलेलं असतं.

टायर मात्र नवे घेतले, मूळच्याच मापाचे. मागे १४०चा बसवायचा मोह प्रत्येकाला होतो. रिम तेवढंच आणि टायर रुंद, की त्याच्या कडा आत चेपल्या जातात, माथा टोकदार होतो, आणि कलताना गाडीचा तोल बिघडतो. त्यात हा हिशेब करून बघा: गाडी १३६ किलो, मी ७०, टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या थोडा वर दाब. भागाकार केला की दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा निघते साधारण शंभर चौरस सेंटिमीटर. बोटं सोडून एक तळहात! दोनशे किलोंचा हा सगळा भार, ब्रेक, वळण, सगळं एका तळहातावर तोललेलं. आणि त्या रबरात काय असतं? पूर्वी रबर मजबूत करायला मुख्यतः काजळीच घालायचे. १९९२ मध्ये मिशेलिनने काजळीच्या बऱ्याचशा जागी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. ओल्या रस्त्यावर पकड वाढली, फिरताना फुकट जाणारी ऊर्जा कमी झाली. आज बहुतेक चांगल्या टायरच्या रबरात सिलिका असते. घाटात पावसात आपल्याला धरून ठेवते ती वाळूच.

गेल्या नोव्हेंबरात पहाटे फोंडा घाट उतरत होतो. थंडी होती, दाजीपूरच्या जंगलातून ओलसर वास येत होता. एका उजव्या वळणावर रस्ता पांढरा दिसला. रात्री चढलेल्या कुठल्यातरी ट्रकमधून वाळू सांडली होती, वळणाच्या आतल्या कडेला हातभर रुंद पट्टा. मी गाडी सरळ केली, ब्रेक हळू दाबला, पट्टा ओलांडून पुढे थांबलो. डांबरावर सुटी वाळू म्हणजे टायरखाली बेअरिंगच्या हजार गोळ्या. टायरमधली सिलिका तिथे काही करू शकत नाही.

परत चालत आलो. चिमूटभर उचलून बोटांत घोळवली. खरखरीत, थंड, सूर्य वर येत होता तसे एकेक दाणे चमकत होते. खालून एका ट्रकचा लो गिअरमधला आवाज चढत येत होता, आणि त्याच्या मागून दोन मोटरसायकलींचाही. मी बाजूची वाळलेली फांदी मोडली आणि वळणाच्या आतली वाळू कडेच्या गटारात लोटायला लागलो.